उद्योगाचा वकील

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज सरकारने इंपीरियल गॅझेटियर छापले, त्यात आमच्या पवनीच्या वाट्याला थोड्याच ओळी आल्या आहेत. त्या थोडक्या जागेतही कोष्ट्यांच्या मागावरच्या रेशीमकाठी कापडाला मानाची जागा मिळाली आहे. येथे फार बारीक सूत वापरले जाते, असेही नोंदणाऱ्याने लिहून ठेवले. भंडारा जिल्ह्यातल्या वैनगंगेकाठच्या एका गावाची ही ख्याती. त्याच सुमारास नागपूरच्याही पलीकडे, अमरावतीत, एका वकिलाकडे साऱ्या हिंदुस्थानच्या उद्योगधंद्यांचे दप्तर होते. कुठे कोणता माल बनतो, कोणत्या गावी यंत्रशिक्षणाची शाळा आहे, मागाला धावता धोटा बसवला तर काय फरक पडतो, अशा प्रश्नांवरची टिपणे मद्रासपासून लाहोरपर्यंतहून तिथे जमा होत आणि छापून निघत. त्या वकिलाचे नाव रावबहादूर रघुनाथ नरसिंह मुधोळकर.

काँग्रेसच्या अध्यक्षांची यादी पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांना १९१२ या सालापुढे हे नाव भेटते आणि तेवढ्यावरच त्यांची ओळख संपते. मला मात्र त्यांच्या अध्यक्षपदापेक्षा त्यांच्या दुसऱ्या कामाचे कुतूहल अधिक आहे. आजकाल नगरपालिकेत किंवा विधिमंडळात एक-दोन खेपा काढलेले गृहस्थ राजकारण मंदावले की उद्योजकांना मार्गदर्शन करू लागतात, हॉटेलांच्या सभागृहांतून व्याख्याने देतात, आणि त्यांच्या नावापुढे सल्लागार ही पदवी लागते. त्यात गैर काही नाही. तथापि आपल्या विदर्भात हा व्यवसाय सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने मानधनाशिवाय केला, आणि तोही अशा काळात की ज्याला सल्ला द्यायचा तो भांडवलदारच मुळी शोधून आणावा लागे.

मुधोळकरांचा जन्म १६ मे १८५७चा, खानदेशातल्या धुळ्याचा. घर मध्यमवर्गीय. शाळेचे शिक्षण काही धुळ्यात आणि काही वऱ्हाडात झाले. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि तिथेच त्यांना फेलोची जागाही मिळाली. मुंबईत राहिले असते तर रानडे-तेलंगांच्या पिढीमागून येणाऱ्या विद्वानांत एकाची भर पडली असती. ते अमरावतीला आले आणि त्यांनी वकिली थाटली.

ही निवड वाटते तितकी आडबाजूची नव्हती. वऱ्हाड म्हणजे कापूस. १८६१ ते १८६५च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिकडचा कापूस अडला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे डोळे लावले. त्याच दशकात मुंबईहून लोहमार्ग नागपूरला पोचला. खामगाव, अकोला, अमरावती येथे गाठी बांधण्याचे प्रेस आले, युरोपीय कंपन्यांचे खरेदीदार आले, आणि अमरावतीला बडनेऱ्याहून रेल्वेचा फाटा मिळाला. पैसा आला, पण तो रुईच्या गाठींबरोबर गावातून जाई आणि कापडाच्या गाठींबरोबर आणखी थोडा जाई. नागपुरात जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू करून दाखवली तेव्हा कुठे लोकांना कळले की कापूस जिथे पिकतो तिथेच तो विणताही येतो. तरुण मुधोळकर वकिली करू लागले ते या वातावरणात. दिवाणी वकिलाच्या टेबलावर गावाची सगळी आर्थिक नाडी येते: गहाणखते, सावकारी हिशेब, भागीदारीतली भांडणे. मी आयुष्यभर बँकेत कर्जाचे कागद चाळले, म्हणून सांगतो, माणूस एकदा असे कागद वाचायला लागला की त्याला गावाकडे पाहण्याची निराळीच दृष्टी येते.

राजकीयदृष्ट्या वऱ्हाड हा विचित्र प्रदेश होता. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. १८५३च्या तहाने निजामाने हे जिल्हे इंग्रजांच्या हवाली केले. १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात ते कायमच्या भाडेपट्ट्याने घेतले गेले आणि १९०३ साली मध्यप्रांताला जोडले गेले. ज्यांच्या घरचे हे सारे चालले होते त्या वऱ्हाडकरांना कोणी विचारले नाही. त्यांचे गाऱ्हाणे मांडायला ना कौन्सिल होते ना धड ब्रिटिश प्रजेचा दर्जा. अशा प्रदेशात पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या धर्तीवर १८८६ साली वऱ्हाड सार्वजनिक सभा स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत मुधोळकर होते आणि १८९८पर्यंत तिचे चिटणीसपद त्यांच्याकडे होते. बारा वर्षे चिटणीस राहणे ही गोष्ट वाचायला सोपी आहे. सभेचे अर्ज लिहिणे, आकडे जमवणे, अधिकाऱ्यांना स्मरणपत्रे पाठवणे, वर्गणी थकवणाऱ्या सभासदांच्या दारी जाणे, हे चिटणिसाचे काम ज्याने कोणत्याही संस्थेत केले असेल त्यालाच ठाऊक. भाषणे करणारे अनेक मिळतात, पत्राला उत्तर पाठवणारा एखादाच.

मुधोळकर दोन्ही करीत. १८८८ साली अलाहाबादच्या अधिवेशनापासून ते काँग्रेसमध्ये गेले आणि दोनच वर्षांत त्यांची निवड एका अवघड कामासाठी झाली. काँग्रेसने आपली बाजू थेट ब्रिटिश मतदारांपुढे मांडण्यासाठी १८९० साली एक शिष्टमंडळ विलायतेला धाडले. त्यात सुरेंद्रनाथ बॅनर्जी होते, मद्रासचे बॅरिस्टर अर्डली नॉर्टन होते, अॅलन ह्यूम होते आणि या बड्या नावांच्या पंगतीत तेहेतिशीतले आमचे अमरावतीचे वकील होते. गावोगाव सभा झाल्या. सुरेंद्रनाथांच्या वक्तृत्वापुढे कोणाचाही आवाज लहानच वाटला असता. मुधोळकरांचा पिंड तसा नव्हताच. त्यांच्याकडे आकडे होते, शेतसाऱ्याचे आणि दारिद्र्याचे. आणि परक्या श्रोत्यांपुढे आकडे मांडून त्यांना खिळवून ठेवण्याची सवय त्यांना याच दौऱ्यात लागली असावी, असा माझा तर्क आहे. गिरण्यांचा तो देश त्यांनी डोळ्यांनी पाहिला हेही कमी महत्त्वाचे नाही. वऱ्हाडची रुई शेवटी जिथे उतरत असे त्या मुलखात ते व्याख्याने देत हिंडत होते.

त्याच १८९० साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि महादेव बल्लाळ नामजोशी यांच्या खटपटीने औद्योगिक परिषद भरू लागली होती. रानड्यांचे म्हणणे असे की देश निव्वळ शेतीवर लोटला गेला आहे, त्याला कारखानदारीकडे वळवल्याखेरीज दारिद्र्य हटणार नाही; आणि त्यासाठी सरकारच्या धोरणावर टीका करायची तशी स्वतःच्या भांडवलाची जमवाजमवही करायची. हा विचार वऱ्हाडात कृतीत आणण्याची धडपड मुधोळकरांनी केली. बेरार ट्रेडिंग कंपनी ही संयुक्त भांडवलाची कंपनी उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. आज शेअर म्हटले की घरातल्या आजीलाही भाव विचारावासा वाटतो. त्या काळी आपला पैसा अनोळखी माणसांच्या पैशात मिसळायचा आणि त्याची पावती म्हणून एक छापील कागद घ्यायचा, हे मालगुजाराला किंवा सावकाराला पटवणे म्हणजे मोठी कसरत होती. सोने दिसते, शेत दिसते, गहाण टाकलेले घर दिसते. कंपनी कुठे दिसते? माझ्या नोकरीच्या काळातही लहान गावातला पैसेवाला माणूस कारखान्यात भाग घेण्यापेक्षा प्लॉट घेणे पसंत करी, मग तेव्हाची गोष्ट काय सांगावी.

१८९७ साली काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीत भरले. वर्ष मोठे कठीण होते. दुष्काळ होऊन गेला होता, पुण्यात प्लेगचा कहर होता, रँडचा खून झाला होता आणि टिळक तुरुंगात होते. सर शंकरन नायर अध्यक्ष आणि दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष. खापर्डे आणि मुधोळकर, दोघेही अमरावतीचे नामांकित वकील, दोघेही काँग्रेसचे. स्वभाव मात्र दोन टोकांचे. खापर्डे रसिक, खर्चिक, विनोदी, सभा हसवून जिंकणारे. मुधोळकर कागदपत्रांत रमणारे. गावात दोन मोठी माणसे असली की गाव आपोआप दोघांत वाटले जाते. अमरावतीही वाटली गेली. पुढे १९०७ साली काँग्रेस नागपूरला व्हायची ती स्थानिक भांडणांमुळे सुरतेला गेली आणि तिथे फुटली, तेव्हा खापर्डे टिळकांच्या बाजूला उभे होते आणि मुधोळकर गोखले-मेहतांच्या. १९०८ साली टिळकांना शिक्षा झाल्यावर खापर्डे त्यांच्या अपिलासाठी विलायतेला गेले आणि लोकांच्या मनात कायमचे जाऊन बसले. मवाळ हा शब्द त्या दिवसांत शिवीसारखा वापरला जाई. मुधोळकरांनी तो मुकाट्याने अंगावर घेतला.

पण या फुटीच्या आधीच त्यांच्या आयुष्यातले खरे काम सुरू झाले होते. डिसेंबर १९०५मध्ये बनारसला काँग्रेस भरली, गोखले अध्यक्ष होते, बंगालच्या फाळणीने देश तापला होता आणि स्वदेशीची शपथ घरोघरी घेतली जात होती. त्याच वेळी तिथे पहिली अखिल भारतीय औद्योगिक परिषद भरली. अध्यक्ष होते रमेशचंद्र दत्त, जे तेव्हा बडोदे संस्थानात मंत्री होते. मुधोळकर या परिषदेचे सरचिटणीस झाले. चिटणीसगिरी पुन्हा त्यांच्याच वाट्याला आली, फक्त आता वऱ्हाडऐवजी सारा देश. त्यांच्या मदतीला सी. वाय. चिंतामणी नावाचा विशीतला तेलुगू तरुण सहायक चिटणीस म्हणून आला. परिषद दरवर्षी काँग्रेसच्या गावी भरे, आणि अहवाल छापून निघे तो अमरावतीहून.

परिषदेने राजकारण दाराबाहेर ठेवले होते. हे मुद्दाम होते. राजकीय ठराव नसले की संस्थानांचे दिवाण येऊ शकत, सरकारी खात्यातले तज्ज्ञ निबंध पाठवू शकत, काँग्रेसच्या मंडपाला बिचकणारे गिरणीमालकही खुर्चीवर बसू शकत. मद्रासकडचे आल्फ्रेड चॅटर्टन हे सरकारी नोकरीतले इंजिनिअर तिकडे हातमाग सुधारण्याचे आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांचे प्रयोग करीत. त्यांच्यासारख्यांचे अनुभव या व्यासपीठावरून इतर प्रांतांना कळले. साखर, रंग, काच, कातडी, तेल, रेशीम, शेतीची अवजारे, बँका, विमा, कशावर निबंध नव्हते असे नाही. देशी मालाची आणि तो बनवणाऱ्यांची एक सूचीही परिषदेने छापली. स्वदेशीची शपथ घेतलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी पडणारा प्रश्न अगदी साधा होता: देशी साबण, देशी काड्यापेटी, देशी छत्री मिळते कुठे? शपथ देणाऱ्या वक्त्याला याचे उत्तर ठाऊक असेच असे नाही. मुधोळकरांच्या कचेरीने ते जमवून पुस्तकात घातले. मला स्वतःला स्वदेशीच्या साऱ्या इतिहासात विलायती कापडाच्या होळीइतकीच ही रूक्ष सूचीही मोलाची वाटते. होळीचे वर्णन शंभर पुस्तकांत आहे, सूचीला कोणी हात लावत नाही.

येथे मला थोडे थांबून पवनीकडे यावेसे वाटते. परिषदेत हातमागावर भरपूर बोलणे झाले. हाताने फेकायच्या धोट्याऐवजी दोरीने धावणारा धोटा बसवला तर त्याच विणकराच्या हातून तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त कापड निघते, हा सगळ्या चर्चेचा गाभा होता. बंगालात श्रीरामपूरकडे असा माग रुळला होता. आमच्याकडच्या कोष्ट्यांना ही गोष्ट पटली नसती तर त्यात अडाणीपणा नव्हता. रेशीमकाठी बारीक लुगड्याला वेगापेक्षा हात जपून चालवावा लागतो. काठाचे रेशीम तुटले तर दिवसाची मजुरी जाते. शिवाय सूत उधारीवर आणायचे सावकाराकडून आणि कापड द्यायचेही त्यालाच, तर कापड जास्त निघाल्याचा लाभ कोणाला? विणकराची अडचण मागाच्या वेगाची जितकी होती त्याहून अधिक सुताच्या उधारीची होती. मी नोकरीत असताना विणकर सोसायट्यांची प्रकरणे पाहिली, त्यांतही दुखणे तेच होते: सूत वेळेवर नाही आणि कापडाचे पैसे त्याहून उशिरा. मुधोळकरांच्या परिषदेला याची जाण नव्हती असे म्हणता येणार नाही, कारण सहकारी पतपेढ्यांचा १९०४चा कायदा नुकताच झालेला होता आणि गरिबाला भांडवल कसे पुरवावे हा विषय त्या काळच्या सर्व अर्थचिंतकांच्या डोक्यात होता. पण मंडपात कोष्टी नव्हते. निबंध इंग्रजीत, चर्चा इंग्रजीत, अहवाल इंग्रजीत. सल्ला द्यायचा तो ज्याच्याविषयी, तो माणूस शेकडो मैल लांब आपल्या खड्डामागावर बसलेला. हा दोष मुधोळकरांच्या एकट्याचा नव्हे, त्या सबंध पिढीचा होता; आणि त्या पिढीला लोक पुढे का सोडून गेले याचे कारणही बरेचसे यातच आहे.

तरी त्यांना नुसते साहेबी थाटाचे पुढारी समजणे अन्यायाचे होईल. विधवाविवाह, मुलींचे शिक्षण, अस्पृश्यता निवारण या बाबतींत ते सुधारकांच्या बाजूचे होते, आणि वऱ्हाडातल्या ब्राह्मण वकिलाला ही बाजू घेणे पक्षकार गमावण्याइतके महाग पडू शकत होते. मोठ्या लाटसाहेबांच्या कायदे कौन्सिलातही ते काही काळ होते. गोखल्यांना त्यांनी नेता मानले होते.

१९१२च्या डिसेंबरात बांकीपूरला, म्हणजे पाटण्याला, काँग्रेसचे सत्ताविसावे अधिवेशन भरले आणि मुधोळकर अध्यक्ष झाले. सन्मान मोठा, मुहूर्त वाईट. काँग्रेस फुटीनंतर अशक्त झाली होती, प्रतिनिधी थोडे आले होते. ह्यूमसाहेब त्याच वर्षी वारले होते. त्यात २३ डिसेंबरला दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यावर बाँब पडला, आणि तीन दिवसांनी सुरू झालेल्या अधिवेशनावर त्याचे सावट होते. विलायतेहून नुकताच परतलेला एक तरुण बॅरिस्टर तिथे प्रतिनिधी म्हणून आला होता. इस्त्रीच्या सुटातली, इंग्रजी बोलणारी वरच्या थरातली मंडळी पाहून त्याचे मन काही भरले नाही. दक्षिण आफ्रिकेहून आलेले गोखलेच काय ते त्याला तिथे मोठे वाटले. या तरुणाचे नाव जवाहरलाल नेहरू. आत्मचरित्रात त्याने ही आठवण नमूद केली आहे. ज्या माणसाच्या आयुष्यातला तो सर्वोच्च दिवस, त्याच दिवशी मागल्या रांगेतली नवी पिढी कंटाळून बसली होती. राजकारणात असे नेहमी घडते, पण मुधोळकरांच्या बाबतीत ते जरा क्रूरपणे घडले.

यानंतरची वर्षे भराभर गेली. १९१५ साली गोखले आणि फिरोजशहा मेहता दोघेही गेले. १९१६ साली लखनौला जहाल-मवाळ एकत्र आले, पण सूत्रे आता टिळकांकडे होती. १९१७ साली मुधोळकरांनी काँग्रेस सोडली आणि पुढे ते उदारमतवाद्यांबरोबर राहिले. गंमत अशी की राजकारणात त्यांची बाजू पडत असताना उद्योगाच्या बाबतीत त्यांचे म्हणणे सरकारच्या गळी उतरत होते. महायुद्धात विलायती माल यायचा थांबला आणि हिंदुस्थानात साधा रंग, साधा खिळा, साधे यंत्र बनत नाही हे सरकारला स्वतःच्या गरजेपोटी उमगले. १९१६ साली सर टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक आयोग नेमला गेला. चॅटर्टन त्यात सभासद होते, दोराबजी टाटा होते, पंडित मालवीय होते आणि त्यांनी आपली भिन्न मतपत्रिका जोडली. प्रांतोप्रांती उद्योगखाती असावीत, सरकारने उद्योगांना तांत्रिक आणि आर्थिक साहाय्य करावे, अशा शिफारशी १९१८ साली अहवालात आल्या. परिषदेच्या मंडपात बारा वर्षे ज्याचे ठराव होत होते तेच आता सरकारी शिक्क्यानिशी छापले गेले. श्रेय कोणाला द्यायचे याची चर्चा करायला कोणाला फुरसत नव्हती. जालियनवाला बाग १९१९ साली झाली आणि देशाचा सगळा विषयच बदलला.

डिसेंबर १९२०मध्ये काँग्रेस नागपूरला भरली. प्रतिनिधींची संख्या हजारोंनी मोजावी लागली. गांधींच्या असहकाराला तिथे पक्के शिक्कामोर्तब झाले, वकिलांनी कोर्टे सोडावीत असे ठरले. वऱ्हाडचा हा जुना वकील, जुना अध्यक्ष, तेव्हा त्या गर्दीतला उरला नव्हता. दोनच आठवड्यांनी, १३ जानेवारी १९२१ रोजी, मुधोळकर वारले.

त्यांचे चिरंजीव जनार्दन पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. संविधानाची काही मूलभूत लक्षणे दुरुस्तीनेसुद्धा बदलता येतील काय, ही शंका १९६४ साली सज्जनसिंग खटल्यात त्यांनी निकालपत्रात उपस्थित केली होती. केशवानंद भारती खटल्याच्या आधी नऊ वर्षे. आणि अमरावतीच्या दप्तरात मुधोळकरांच्या हाताखाली कारखान्यांचे पत्ते जमवणारे ते चिंतामणी मधल्या काळात अलाहाबादला जाऊन लीडर पत्राचे नावाजलेले संपादक झाले होते. नव्या सुधारणांप्रमाणे उद्योगखाते प्रांतांत प्रथमच हिंदी मंत्र्यांच्या हाती आले, तेव्हा १९२१ साली संयुक्त प्रांतात शिक्षण आणि उद्योग या खात्यांचे मंत्री म्हणून शपथ घेतली ती त्यांनीच.